टीका मनाला लागते, म्हणजे मी या पदाला कमी पडते का?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ४१ वर्षांच्या आहेत. ज्या विभागात त्यांनी अनेक वर्षं इतरांच्या बरोबरीनं काम केलं, त्याच सोळा जणांच्या विभागाच्या त्या दीड वर्षापूर्वी प्रमुख झाल्या. मागच्या महिन्यात संस्थेनं सगळ्या वरिष्ठांबद्दल निनावी अभिप्राय मागवले. यांच्याबद्दलचे बहुतेक अभिप्राय चांगले होते, पण तीन वाक्यं त्यांच्या डोक्यातून जात नाहीत : ‘मॅडम विचारतात, पण निर्णय आधीच झालेला असतो.’ ‘त्यांची ठरलेली माणसं आहेत, चांगली कामं त्यांनाच मिळतात.’ ‘त्यांना खुर्चीची घाई होती, तयारी नव्हती.’ रात्री त्या पुन्हा पुन्हा अभिप्रायांची फाइल उघडतात, भाषेवरून लिहिणारा कोण हे ओळखू पाहतात. एका जुन्या मित्रासारख्या सहकाऱ्यावर त्यांचा संशय आहे. काही दिसू नये म्हणून बैठकीत चेहरा कोरा ठेवतात. महिनाभर धड झोप नाही. त्यांचे साहेब म्हणाले, ‘एवढं मनाला लावून घेऊ नकोस, या जागेवर कातडी जाड लागते.’ त्या विचारतात : मी कणखर कशी होऊ? की हे पद सोडून पुन्हा आधीच्या कामावर जाऊ?

ती तीन वाक्यं तुम्ही पत्रात एका दमात लिहिली आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते. ती तिन्ही एका प्रकारची नाहीत.

पहिलं वाक्य तुमच्या एका वागण्याबद्दल आहे. बैठकीत काय घडतं ते त्यात सांगितलंय. ते कितपत खरं आहे हे पाहता येतं आणि खरं असेल तर बदलता येतं. दुसरं वाक्य न्यायाबद्दल आहे. त्यात लिहिणाऱ्याचा सल आहे, पण पडताळायला नोंदीही आहेत. गेल्या वर्षभरात कुठलं काम कुणाकडे गेलं, हे कुठेतरी लिहिलेलं असणारच. तिसरं वाक्य म्हणजे तुमच्या मनात काय होतं याबद्दल कुणीतरी बांधलेला अंदाज. तो तपासता येत नाही. खोडून काढायला गेलात तर तुम्हाला तो झोंबलाय एवढंच लोकांना दिसेल. आणि पत्रावरून मला असं वाटतं की तुमची झोप उडवली आहे ती मुख्यतः या तिसऱ्या वाक्यानं. ज्या दोन वाक्यांचं काही करता येण्यासारखं आहे, ती त्याच्या आड गेली आहेत.

तेव्हा पहिलं काम हे. तिन्ही वाक्यं तीन वेगळ्या कागदांवर लिहा. तिसऱ्याखाली काही लिहू नका, तो कागद बाजूला ठेवा. त्यानं दुखणं थांबणार नाही, मला माहीत आहे. पण त्या दुखण्यानं बाकीच्या दोन वाक्यांचा निकाल लावायला नको.

आता कणखरपणाकडे येते. तुमच्या सगळ्या पत्राच्या तळाशी एक गृहीतक आहे, की कणखर माणसाला लागत नाही. मला लागलं, म्हणून मी कणखर नाही. म्हणून मी या पदाची नाही. साहेबांच्या सल्ल्यानं ते आणखी घट्ट केलं. ते चांगल्या मनानंच बोलले असतील, पण हा सल्ला मला मान्य नाही. ज्या लोकांबरोबर तुम्ही अर्धं आयुष्य काढलंत, त्यांच्यातल्या कुणी तुम्हाला अन्यायी म्हटलं आणि तुम्हाला काहीच झालं नसतं, तर मला जास्त काळजी वाटली असती. तक्रार न लागणाऱ्या वरिष्ठाला समोरच्याची अडचणही सहसा लागत नाही. तुम्हाला लागलं, कारण तुम्हाला त्या माणसांचं आणि त्या कामाचं मोल आहे. ते मोल कमी करून मिळणारा कणखरपणा तुम्हाला नकोच आहे.

मी कणखर म्हणते ते अशा माणसाला, ज्याला लागतं, काही दिवस ते त्रासात काढतं, आणि तरीही त्या काळात कुणावर राग न काढता, काम न सोडता, त्यातून कामाचं तेवढं उचलतं. यासाठी वेगळा स्वभाव लागत नाही. काही सवयी लागतात आणि थोडा वेळ लागतो.

कोऱ्या चेहऱ्याबद्दल मात्र आधी बोलायला हवं, कारण ते तुम्ही रोज करताय. भावना आतल्या आत दाबून चेहऱ्यावर काही न दाखवणं, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की चेहरा दाबल्यानं आतली कटू भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण उलट वाढतो. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांचा २००३ मधला अभ्यास मला तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांनी एक अस्वस्थ करणारी फिल्म पाहिली आणि मग त्यावर गप्पा मारल्या. काही जोड्यांमध्ये एकीला गुपचूप सांगितलं होतं की भावना दाखवायच्या नाहीत. तेव्हा समोरच्या स्त्रीचाही रक्तदाब वाढला, आणि तिला त्या गप्पांत जवळीक वाटली नाही. म्हणजे तुम्ही चेहरा कोरा ठेवून बैठकीत बसता, तेव्हा सोळा जणांना काहीतरी बिनसलंय हे कळत असतं. नेमकं काय, एवढंच कळत नसतं. न बोललेलं ओळखायचा प्रयत्न ते करत राहतात, आणि बहुधा सर्वांत वाईट अर्थ काढतात.

म्हणून सगळ्यांसमोर रडा असं मी म्हणत नाही. ‘अभिप्राय वाचले, काही वाक्यं वाचायला जड गेली, त्यावर विचार करते आहे, पुढच्या आठवड्यात बोलते,’ एवढं शांतपणे म्हटलं तरी खोलीतला ताण उतरतो. जे आहे ते म्हटलं, त्याचा भार कुणावर टाकला नाही.

रात्रीची फाइल. तुम्ही ती पुन्हा पुन्हा उघडता तेव्हा तुम्हाला वाटत असणार की तुम्ही आत्मपरीक्षण करताय. पण आत्मपरीक्षणातून काहीतरी नवीन हाती लागतं. तीच तीन वाक्यं वाचून तुम्हाला रोज तेच मिळतंय. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायांवरचे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र तपासले. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा होतो असं दिसलं, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम सुधारायच्या ऐवजी बिघडलं होतं. त्यांनी कारण मांडलं ते असं, की अभिप्रायामुळे माणसाचं लक्ष हातातल्या कामावरून उडून ‘मी कशी आहे’ या प्रश्नाकडे गेलं, की त्याचा उपयोग कमी होत जातो. तुमचं गेल्या महिन्यात नेमकं हेच झालं आहे. ‘बैठकीत माझं काय चुकतं?’ हा प्रश्न तुम्ही पत्रात एकदाही विचारलेला नाही. ‘मी या पदाची आहे का?’ हा मात्र चार वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

दुसऱ्या प्रश्नाला रात्री दोन वाजता कधीच बरं उत्तर मिळत नाही. फोनवरून ती फाइल काढून टाका. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती आहेच, दिवसा लागेल तेव्हा पाहता येईल.

मनातलं जे उसळतंय त्याला वाट हवीच. लिहून पाहा. जेम्स पेनबेकर यांनी १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्याला सलणाऱ्या घटनेबद्दल न थांबता लिहायला सांगितलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत आरोग्यकेंद्राच्या त्यांच्या खेपा कमी झाल्या. त्यानंतरच्या अभ्यासांत फायदा कुठे कमी, कुठे जास्त दिसला आहे, तेव्हा याला रामबाण समजू नका. आणि लिहिल्यावर लगेच जड वाटतं हे लक्षात घेऊन झोपायच्या आधी लिहू नका, संध्याकाळी लिहा. शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवू नका. एक दिवस स्वतःबद्दल ‘मी’ न म्हणता स्वतःचं नाव घेऊन लिहा, एखाद्या मैत्रिणीची हकीकत सांगावी तशी. जरा दुरून पाहिलं की जे दिसतं, ते तुम्हाला या महिन्यात दिसलेलं नाही.

बोलायलाही कुणीतरी हवं. पण कुणाशी आणि कसं, हे नीट ठरवा. राग ओकून टाकला की मोकळं वाटतं, ही समजूत फार पक्की आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात, ज्यानं राग आणला त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी झाला नाही, काहीच न करता स्वस्थ बसलेल्यांपेक्षा तो जास्तच राहिला. मैत्रिणीजवळ रोज ‘हे लोक किती कृतघ्न आहेत’ म्हणत राहिलात तर तेच होईल. तिला आधी म्हणा, ‘वीस मिनिटं ऐकून घे,’ आणि मग विचारा, ‘यातलं तुला काय खरं वाटतं?’ हा दुसरा प्रश्न विचारता येईल असं माणूस निवडा. आणि ते माणूस तुमच्या विभागातलं नको. तुमच्या हाताखालच्या कुणालाही, कितीही विश्वासाचं असलं तरी, ‘मी खरंच तशी वागते का गं?’ असं विचारू नका. तुम्हाला ते साधं मन मोकळं करणं वाटेल. तिच्यासाठी ते साहेबाचं सांत्वन करण्याचं जादा काम असेल, आणि उत्तर तर खरं मिळणारच नाही. शिवाय ‘त्यांची ठरलेली माणसं आहेत’ या वाक्याला तुम्ही स्वतःच पुरावा पुरवाल.

आता सर्वांत नाजूक भाग, तो जुना सहकारी. कोणी लिहिलं हे शोधणं आजच थांबवा. तुमचा अंदाज चुकीचा असू शकतो, हे एक कारण. पण तो बरोबर असला तरी थांबायला हवं. त्याची रजा, त्याची बढती, त्याला मिळणारं काम आता तुमच्या सहीवर अवलंबून आहे. तुम्ही स्वतःला अजून त्याच्या बरोबरीची समजता, म्हणून तुम्हाला वाटतं, ‘तोंडावर का नाही बोलला?’ तो मात्र तुमच्या बरोबरीचा उरलेला नाही. निनावी लिहिण्यामागे दरवेळी भ्याडपणा नसतो. पुष्कळदा तो आपली नोकरी सांभाळणाऱ्याचा साधा विचार असतो. तुम्ही त्याच्याशी नकळत तुटक वागायला लागला असाल (पत्रातून तसं वाटतं), तर त्याला आणि बाकी पंधरा जणांना एवढंच कळेल की इथे लिहिलं तर किंमत मोजावी लागते.

त्याच्याशी बोला जरूर, पण अभिप्रायांबद्दल नको. ‘मी प्रमुख झाल्यापासून आपल्यातलं बोलणं कमी झालं. मला ते जाणवतं. पूर्वीसारखं सगळं होणार नाही हेही कळतं. तुला माझ्याकडून कामात काय हवंय?’ असं काही. त्यानं लिहिलं असो वा नसो, हे बोलणं दीड वर्षापूर्वीच व्हायला हवं होतं असं मला वाटतं. बरोबरीच्या माणसांवर वरिष्ठ होताना दोन्हीकडे काहीतरी हरवतं, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

टीका झाली म्हणजे नेतृत्व फसलं, असंही समजू नका. संशोधक एमी एडमंडसन विद्यार्थिदशेत असताना रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमधल्या औषधांच्या चुका तपासत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी निघतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगलं नेतृत्व आणि चांगले संबंध असलेल्या गटांत चुका जास्त नोंदलेल्या होत्या. शोध घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्या गटांत लोक चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होते, बाकीच्या ठिकाणी त्या दडवल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र यावरून फार खूशही होऊ नका. तुमच्याकडे लोकांनी लिहिलं, हे चांगलं आहे. ते फक्त निनावीच लिहिता आलं, यात तुम्हाला करण्यासारखं काम आहे.

आणि एक गोष्ट तुमच्या संस्थेला सांगावीशी वाटते. असे अभिप्राय ईमेलनं पाठवून देऊन माणसाला त्यांच्यासोबत एकटं सोडणं चुकीचं आहे. कुणीतरी शेजारी बसून ते वाचायला मदत करायला हवी. तुम्ही स्वतः आता वरिष्ठ आहात, तेव्हा निदान तुमच्या हाताखालच्यांच्या बाबतीत तरी हे करता येईल.

मग त्या दोन कागदांचं काय करायचं?

‘निर्णय आधीच झालेला असतो.’ हे बहुधा पूर्ण खोटं नसणार, कारण कुठल्याच प्रमुखाच्या बाबतीत ते पूर्ण खोटं नसतं. काही निर्णय वरून आलेले असतात, काही तुमच्या डोक्यात पक्के असतात, आणि तरी सवयीनं किंवा सौजन्यानं आपण विचारतो, ‘तुम्हाला काय वाटतं?’ लोकांना निर्णय लादला गेल्यापेक्षा हे खोटं विचारणं जास्त टोचतं. पुढच्या बैठकीपासून विषय काढतानाच सांगून टाका : हा निर्णय झालेला आहे, मी फक्त तो का झाला ते सांगते आहे; किंवा, यावर मला तुमची मतं हवीत, शेवटचं मी ठरवीन; किंवा, हे आपण मिळून ठरवू. दुसऱ्या प्रकारात कुणाचं मत घेतलं नाही तर का घेतलं नाही हे त्याला एका वाक्यात सांगा. एवढं केलंत तरी फरक पडेल, आणि हे तुम्हाला उद्यापासून करता येईल.

‘ठरलेली माणसं.’ गेल्या वर्षभराची कामांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे नाव लिहा. वरच्या लोकांसमोर नेणारी, शिकवणारी, नाव मिळवून देणारी कामं कुणाकडे गेली? कंटाळवाणी कुणाकडे? असं पुष्कळदा दिसतं की अडचणीच्या वेळी आपण ज्याच्याकडे धावतो त्यालाच पुढचं चांगलंही काम देतो, कारण त्याच्यावर भरवसा बसलेला असतो. त्यात पक्षपाताचा हेतू नसतो, पण परिणाम तोच होतो. यादीत तसं दिसलं तर पुढच्या दोन-तीन चांगल्या कामांना नवीन नावं शोधा आणि लागेल ती मदत द्या. तसं दिसलं नाही, तर कामं कोणत्या निकषावर देता ते विभागाला उघड सांगा. न सांगितलेल्या निकषाला लोक आवडनिवड म्हणतात.

यानंतर विभागाशी बोला. दहा मिनिटं पुरे. दोन गोष्टी ऐकल्या, एक आजपासून बदलते आहे, दुसरी तपासून काय दिसलं ते हे, आणि अमुक एक गोष्ट मी बदलणार नाही, त्याचं कारण हे. तो शेवटचा भागही हवा. सगळंच मान्य करणारी प्रमुख लोकांना नको असते. तिसऱ्या वाक्याचा उल्लेख करू नका. कुणी लिहिलं याचा सुगावा लागल्यासारखं एकही वाक्य नको, आणि ‘तुम्ही माझ्याशी थेट बोलायला हवं होतं’ हे तर अजिबात नको.

हे सगळं कामाबद्दलच्या टीकेला लागू आहे. समोरचा तुमच्या बाई असण्यावर, दिसण्यावर, घरावर बोलत असेल, चारचौघांत ओरडत असेल किंवा धमकावत असेल, तर तिथे सहनशक्तीचा प्रश्नच येत नाही. तारीख-वेळ घालून नोंद ठेवा आणि संस्थेच्या तक्रार यंत्रणेकडे जा. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण हे वाचणाऱ्या एखादीच्या बाबतीत असेल.

तुमची झोप मात्र मला गंभीर वाटते. महिनाभर धड झोप नसणं म्हणजे थोडे दिवस मनाला लागण्याच्या पुढची गोष्ट आहे. कशातच मन लागत नाही, भूक बदलली आहे, सगळं निरर्थक वाटतंय, असं दोन आठवड्यांहून जास्त सुरू असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. वर सांगितलेलं काहीही त्याला पर्याय नाही. झोप न झालेल्या माणसाला साधं वाक्यही हल्ल्यासारखं वाटतं.

पद सोडण्याबद्दल विचारलंत. सोडणं हा हरण्याचा प्रकार आहे असं मी मानत नाही. काही उत्तम माणसांना स्वतः काम करणं आवडतं, इतरांकडून करून घेणं नाही, आणि ते ओळखून परत फिरण्यात कमीपणा नाही. पण आज तुम्हाला पद नकोय की हा त्रास नकोय, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. तीन महिने हा प्रश्न बाजूला ठेवा. त्या काळात एकच पाहा. ज्या दिवशी कुणी काही बोललेलं नाही, त्या साध्या दिवसांत तुम्हाला हे काम आवडतं का? कुणाचं अडलेलं काम सोडवून दिल्यावर, नव्या माणसाला शिकवल्यावर बरं वाटतं का? उत्तर नाही असं आलं, तर टीका झाली असती वा नसती, तुम्ही परत जायला हवं. हो आलं, तर राहा.

साहेबांकडे पुन्हा जा. या वेळी धीर मागायला जाऊ नका, नेमकी मदत मागा. येत्या दोन बैठकांना त्यांनी कोपऱ्यात बसावं आणि तुम्ही मत विचारल्यावर पुढे काय करता, कुणाला मध्येच तोडता, कुणाचं अर्धवट ऐकता, एवढंच टिपून तुम्हाला सांगावं. ते आनंदानं करतील असं मला वाटतं. आणि कामांच्या त्या यादीत काय निघालं, ते मला जरूर कळवा.